तांबडी आणि अमृतप्पांची जीभ

खटकचिंचोळीच्या बाजारात अमृतप्पांचं किराणा दुकान चाळीस वर्षं चाललं, ते तराजूवर कमी आणि जिभेवर जास्त. गुळाला आलेली बाई जावयाच्या नोकरीबद्दलचा सल्ला आणि गुडघेदुखीवरचा लेप घेऊन परत जायची. गूळ कधी कधी विसरायची. आता दुकान मुलानं, बसवप्रभूनं हाती घेतलं आणि अप्पांच्या जिभेला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणून त्यांनी घोडं आणलं, असं त्यांची बायको जगदेवी म्हणायची.

आणलं होतं हुलसूरहून, एक लहान घोडी. एका वरातीत कुणीतरी फटाक्यांची माळ तिच्या पायांतच पेटवली होती. दीड वर्षाचं तांबूस शिंगरू, तेव्हापासून माणसाचा हात दिसला तरी त्याचं कातडं थरथरायचं, तळ्यावर वारा फिरावा तसं. मालक वैतागलेला होता, अप्पा कळवळलेले होते. व्यवहाराला तेवढं पुरलं. टेम्पोतून येताना अप्पा वाटभर तिच्याशी बोलत राहिले आणि ती वाटभर कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"किराणा दुकानाला घोडं कामून?" बसवप्रभूनं विचारलं.

"तुला दोन मोटरसायकली कामून?" अप्पांनी विचारलं. तो विषय तिथंच मिटला.

घोडीला नाव पडलं तांबडी. घरामागच्या परसात दगडी कुंपण होतं, तिथं तिला सोडली. अप्पा आत पाऊल टाकत, की तांबडी पार दुसऱ्या टोकाला. गुळाचा खडा पुढं धरून ते मराठीत लाड करत, कन्नडात "बारव्वा, बा" म्हणत विनवत, आणि दोन्ही हरल्यावर हैदराबादी अदबीनं "तशरीफ लाइये बेगम" म्हणत. बेगम कान मागं पाडून भिंतीला चिकटत. तीन आठवडे असे गेले. जगदेवी पायरीवर बसून ज्वारी पाखडायची आणि सुपाच्या तालावर गायची:

सांगते बाई तुला, दारी आली माझ्या सवत
चार पायांनी नाचे, घरधन्याला नाचवत

"म्हणा, म्हणा," अप्पा घाम पुसत म्हणायचे. "तुमच्या ओवीनं तरी येती का बघू."

जगदेवीनं एकदा कुंपणाशी जाऊन खरंच गळा मोकळा सोडला. तांबडीनं परसाला तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर जगदेवी दोन दिवस कुणासाठीच गायली नाही.

मग एका सकाळी बसवप्रभू म्हणाला, "अप्पा, हुमनाबादला हायवेवर उद्धवरावांचा ढाबा हाय. त्येन्ला दारात घोडी पायजे. सजवून उभी करायची, येणारे-जाणारे फोटो काढतेत. सोमवारी बघाया येणार हायत."

"लॉऱ्यांच्या हॉर्नात? काळीज फुटून मरंल की रे ती!"

"हितं काय व्हायलंय? खूर वाढायलेत, नालबंदाला हात लावू देत न्हाई. डाक्टर सुई घेऊन आला तर त्येलाच पळवलं. सोमवारपतुर तिला म्होरकी घाला, मंग ऱ्हाऊ द्या जल्मभर. मी काय बोलायचो न्हाई."

अप्पांना राग आला. मुलगा खरं बोलत होता, हे त्या रागाचं कारण. डोक्यात दोरीची म्होरकी चढेपर्यंत घोडं कुणाचंच नसतं, हे त्यांनाही कळत होतं.

गुरुवारी घरात फरशी बसवणारे आले. मशीनची अशी किरकिर सुरू झाली की देवालाही कानांत बोटं घालावी लागली असती. अप्पांनी आसन आणि पूजेचं ताट उचललं आणि परसात, तांबडीकडं पाठ करून बसले. डाव्या तळव्यावर इष्टलिंग, नजर त्यावर, ओठ बंद. रोजची ही न बोलण्याची अर्धी घटका लिंगायतांच्या शरणांनी, त्या संतांनी, खास आपल्यासाठी नेमून दिली, असं जगदेवी शेजारणींना सांगायची.

मागं वाळल्या पाल्यावर पाऊल वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं. मग अप्पांच्या मानेवर ऊन श्वास आला, ओल्या गवताच्या वासाचा. बोलण्यासारखं इतकं काही अप्पांजवळ उभ्या आयुष्यात साठलं नव्हतं! पण पूजेत बोलायचं नसतं, वळायचं नसतं. शेजारच्या ताटातून बेलाचं एक पान उचललं गेलं, चघळल्याचा आवाज झाला आणि पावलं लांब गेली.

पूजा आटोपताच अप्पा फरशीवाल्यांना ओलांडत आत धावले. "आवं, तिला बेल पायजे हुता! आन् आपण गूळ दावत बसलो! आपल्यातलीच निघाली की!"

"मंग दीक्षा कवा देताव?" जगदेवीनं विचारलं.

शुक्रवारी अप्पा टोपलीभर बेल घेऊन परसात गेले, हसत, हाका मारत, कालच्या भेटीची आठवण करून देत. तांबडी कुंपणावरूनच जायची, कशीबशी आत राहिली. टोपली एकीकडं, अप्पा एकीकडं. गुडघा सोलला.

जगदेवी हळद लावायला बसली. "काल पूजेत काय करत हुताव?"

"पूजा."

"आन् काय करत नव्हताव?"

अप्पा बोटांवर मोजू लागले.

"ती पानाला न्हाई आली," जगदेवी म्हणाली. "तुमचं तोंड बंद हुतं म्हून आली. मी बी चाळीस वर्सं कान मागं पाडूनच हाय की. मला कुंपण न्हाई, एवढंच."

अप्पांनी हळदीची वाटी तिच्या हातातून घेतली आणि उरलेली हळद स्वतःच लावली.

शनिवारी ते नुसतेच जाऊन बसले, पाठ करून, हात मांडीवर. दुपारी तांबडीनं त्यांचं मुंडासं हुंगलं. रविवारी तिच्या हनुवटीला त्यांचं बोट लागलं. ती दचकून गेली. अप्पा तिच्या मागं गेले नाहीत, म्हणून ती परत आली. सांजेपर्यंत तिनं दोरी मानेवर पडू दिली. नाकापुढं म्होरकी आली की मात्र झटका. घरातही अप्पा बोलेनासे झाले, चुकून आवाज चढायची सवय मोडावी म्हणून. शेजारी विचारपूस करून गेले.

सोमवारी उद्धवराव आले तेच हॉर्न वाजवत. तांबडी उधळली. अप्पा म्होरकी घेऊन खाली बसले, पाठ करून.

"नमस्कार मालक! घोडी किती वर्सांची?"

अप्पा गप्प.

"बोलत न्हाईत का?" उद्धवरावांनी जगदेवीला विचारलं.

"न्हाई."

"कवापसनं?"

"शनवारपसनं."

"अर्रर्र! डाक्टरला दावलं का?"

"दावणार हुतो. पर गाव म्हणालं, ऱ्हाऊ द्या असंच."

उद्धवरावांना हसावं की हळहळावं कळेना. तोवर पाला वाजला. तांबडी एकेक पाऊल तोलत आली आणि अप्पांच्या खांद्यावर तिनं तोंड ठेवलं. अप्पांनी घाई केली नाही. दोरी नाकावरून गेली. कातडं थरथरलं. दोरी थांबली, मग कानांमागून आली, गाठ बसली. कुंपणाशी बसवप्रभूनं श्वास सोडला.

"वा वा!" उद्धवराव खुशीत आले. "अशी गरीब घोडी व्हय! आता तर न्हेतोच. बोला मालक, काय देऊ?"

हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता नको म्हणायला अप्पांनी बोलायला हवं होतं, आणि बोलले की आजवर तांबडी पळाली होती. बसवप्रभू तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनीच हात करून त्याला थांबवलं. हा सौदा त्यांचा होता, आणि सौदा तोंडानंच मोडायचा असतो.

"न्हाई," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत बाजारात त्यांचा एवढा हलका आवाज कुणी ऐकला नव्हता. तांबडीचे दोन्ही कान त्यांच्याकडं वळले. ती एक पाऊल मागं सरली, दोरी ताणली. अप्पांनी दोरी सैल सोडली. ती ताणली नाही पुन्हा. तांबडी उभी राहिली.

"आनखी एक शबुद बोला," कुंपणावर हनुवटी टेकून जगदेवी हळूच म्हणाली. "पर एकच."