आईचं आजोळ

नाथाजीची बायको बाळाबाई जाऊन आठ महिने झाले होते. घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्नकार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. म्हणून नाथाजीने लेकीसाठी, मायासाठी, स्थळ बघायला घेतलं. तो आधी फौजेत होता, मग साताऱ्याच्या एका कारखान्यात वॉचमन. माणूस सरळ म्हणून नाव होतं. वाईकडचा शिक्षक मुलगा सांगून आला. एका रविवारी मुलाचा चुलता हरिबा बोलणीला आला. तो कोर्टात कारकून, त्यामुळे विचारपूसही कागद तपासल्यासारखी करायचा.

त्या दिवसासाठी तायाक्का सांगलीहून आली होती. माया तिला आजी म्हणायची, कारण ती बाळाबाईची आई. पण ती नाथाजीची सख्खी थोरली बहीणही होती, हे साताऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मायालाही नाही. जतकडच्या त्यांच्या गावात बहिणीने लेक धाकट्या भावाला द्यायची, यात कुणाला वावगं वाटत नसे. लग्नानंतर साताऱ्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात एक शेजारीण कुणाच्या तरी अशाच लग्नाचं ऐकून थुंकली. बाळाबाईने घरात येऊन दार लावलं आणि म्हणाली, हितं न्हाई सांगायचं. पुढं तेवीस वर्षं दोघांनी सांगितलं नाही. गावाकडं जाणंही कमी केलं.

हरिबाने मायाच्या मामाचं कूळ विचारलं. नाथाजीने बाळाबाईच्या भावाचं, गुंडाचं आडनाव सांगितलं. हरिबाने ते लिहून घेतलं.

"आणि मुलीच्या आईचं आजोळ?"

तायाक्काने सकाळीच बजावलं होतं, विजापूरकडचं कुठलंही गाव ठोकून दे, तिकडं कोण जातंय चौकशीला. गावाचं नाव नाथाजीच्या ओठावर आलंही. पण ते सांगायचं म्हणजे बाळाबाईला कुणा परक्याची नात करायची. ती जिवंत असती तर तिनेच खोटं रेटून नेलं असतं. तिच्या माघारी त्याला ते जमेना.

"आमचंच घर," तो म्हणाला. "माझी भाची ती. ह्या अक्काची लेक."

हरिबाचं पेन थांबलं. "सख्खी?"

"सख्खी."

"कायद्यात बसत नाही हे, नाथाजीराव."

नाथाजीने सांगितलं, सांगलीच्या वकिलाला त्याने पूर्वीच विचारलं होतं. जिथं पूर्वापार रूढी आहे तिथं बसतं. हरिबालाही ते माहीत असावं. कायदा राहू द्या, तो म्हणाला, चार लोकांत काय सांगायचं?

तायाक्काला राहवलं नाही. "आवं, तुमच्यात मामाची पोरगी करत्यात न्हवं?"

"ते चालतंच."

"मग तुमच्यात मामाची पोरगी चालती, आमच्यात मामा चालतो. येका पायरीसाठी किती तोंड वाकडं करायचं?"

हरिबाला हसू आलं. पण चहा तसाच ठेवून, कळवतो म्हणून तो निघून गेला.

माया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तायाक्काला म्हणाली, "म्हणजे तू माझी आजी का आत्या?"

"दोनी. म्हणून तर दोनदा रागावती."

माया हसली नाही. दोन दिवस ती बापाशी बोललीही नाही.

आठवड्याने वाईहून कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

"माझ्यामुळं गेलं स्थळ," नाथाजी म्हणाला.

"गेलं तर गेलं. पुढच्यांना आधीच सांगा, आप्पा. घरी बोलावून मग नको." माया कार्ड हातात धरून बसली. आईने आप्पांना चारचौघांत कधी हाक मारलेली तिला आठवत नव्हती, साधं अहोसुद्धा नाही. मग तिने विचारलं, दोघंच असताना काय म्हणायची?

नाथाजीने तिच्या हातातलं कार्ड घेऊन बाजूला ठेवलं.

"मामाच म्हणायची. दवाखान्यात शेवटी त्याच नावानं पाणी मागितलं. नर्सला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलवतीया. ती मामांना शोधाय भाईर गेली. आन् मी तिथंच उशाला हुबा. सांगितलं न्हाई तिला, की मीच त्यो."