आठवी पिशवी

मी एक जुनी हवाई छत्री आहे. मित्रांनो, तुम्ही मला पॅराशूट म्हणता. भडगावच्या तुमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मला मांडवासारखी टांगतात आणि तुम्ही वर पाहून टाळ्या वाजवता. त्या टाळ्यांनी मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते आज सांगते.

दुसरे महायुद्ध चालू होते. कानपूरला सुती कापडातून मला शिवले आणि मी पंजाबातल्या एका हवाई तळावर पितांबरच्या हाती आले. पितांबर आपल्या गिरणाकाठचा. विमानातून उडी मारणारे शिपाई वेगळे आणि आमच्या घड्या घालणारे वेगळे; पितांबर घड्या घालणारा. लांब टेबलावर तो मला पसरायचा, एकेक पाकळी जुळवायचा आणि कापड सरकू नये म्हणून वर वाळूच्या आठ चिंचोळ्या पिशव्या ठेवायचा. शेवटी आठही मोजून काढायच्या, मला बांधायचे आणि कार्डावर सही करायची. हात इतका सफाईदार, की साहेबसुद्धा थबकून पाहत. मला त्याचा फार अभिमान होता.

एका सकाळी कोणीतरी ओरडले, "पितांबर, घरचं पत्र आलंय!" गड्याला कुठला धीर! त्याने सात पिशव्या काढल्या, मला बांधले, सही ठोकली आणि पळाला. आठवी माझ्या पोटातच राहिली. मला ती सारखी टोचत होती. पण कापडाला वाचा कुठली?

दुपारी सरावाच्या उडीसाठी अभिमन आला. हाही पितांबरच्याच गावचा, पण उडी मारणारा. खरे तर हाताला लागेल ती छत्री उचलायची. पण परमुलखात आपली माणसे आपल्याच माणसाला शोधतात. त्याने कार्डे चाळली, पितांबरची सही पाहिली आणि मला उचलत खुशीत म्हणाला, "हाई मना गाववालानी घडी शे. मी हाईच लेसू."

मित्रांनो, मी उघडले, पण उशिरा. अभिमन जमिनीवर आदळला आणि त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मला गोळा करायला पितांबर धावत आला, तेव्हा माझ्या दोऱ्यांत अडकलेली पिशवी त्याला दिसली. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि ती खिशात घातली. "वारा आडवा आला," असे त्याने साहेबांना सांगितले. पुढे अभिमनची पलटण ब्रह्मदेशात रंगूनजवळ उतरली. ती बातमी अभिमनने इस्पितळाच्या खाटेवर ऐकली.

मी फाटले, बाद झाले. पितांबरने मला मागून घेऊन गावी आणले. गावाला काय, ज्याच्या घरी छत्री तोच उडी मारणारा! पितांबर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो पितांबरनाना झाला. अभिमन लंगडत राहिला, पण गाववाल्याला त्याने खोटे पाडले नाही; त्याची बायको भिकुबाई हिने तीस वर्षे औत हाकले. दर दसऱ्याला पितांबर मला ऊन दाखवी. ते लांब टेबल नसले, की माझी घडी घालायला दोघे लागतात. दुसरे टोक धरायला अभिमनच येई. दोघांच्या मध्ये मी लाजेने चूर होई.

१९८५ साली तुमच्या शाळेने नानांचा सत्कार केला. शाल, नारळ, हार, सगळे झाले. मग हेडमास्तरांनी अभिमनला दोन शब्द बोलायला उठवले. काठी टेकत तो उभा राहिला. "नानानी घडी म्हनजे घडी," तो म्हणाला. "मी वाचनू, ते तेनी घडीमुयेच."

पितांबरचा चेहरा उतरला. सांगायचेच असे ठरवून तो आला असावा, कारण पिशवी खिशात होती. त्याने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पिशवी अभिमनच्या हातावर ठेवली.

"आठ व्हत्यात, भाऊ. मी सातच काढ्यात. हाई आठवी. मी कधी उडनू नही. उडी तुनी, पायबी तुनाच गया."

अभिमनने ती तळहातावर तोलून पाहिली. "इतली हलकी?" तो म्हणाला. मग लपवण्याचे कारण त्याने विचारले, "इतला वरीस काब्र दपाडी?"

अभिमनने पिशवी खिशात घातली आणि तो लंगडत निघून गेला. त्या संध्याकाळी पितांबरने एकट्याने माझी घडी घातली. ती वेडीवाकडी झाली.

दसरा आला. पितांबर मला ओसरीवर पसरून एकटाच वाकला होता. काठीचा आवाज आला. अभिमन आत आला, ती पिशवी माझ्यावर ठेवली आणि दुसरे टोक उचलले.

"आते मोज," तो म्हणाला. "माले आयकू येवाले पाह्यजे."

पितांबर एकेक पाकळी मोठ्याने मोजू लागला. घडी झाली, तशी अभिमनने पिशवी काढून आपल्या खिशात ठेवली. ती त्याने कधीच परत दिली नाही. पुढे पितांबरने मला तुमच्या शाळेला देऊन टाकले.

मित्रांनो, मला कसरीपासून जपा, वर्षातून एकदा ऊन दाखवा. मला टांगाल, तेव्हा खाली अभिमनचे नाव लिहा. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. उशिरा उघडले की काय होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक?