नसलेल्या स्वच्छतागृहाची सफाई

मी एक जुने झेरॉक्सचे यंत्र आहे. महाविद्यालयाच्या दप्तरी माझी नोंद 'छायाप्रत यंत्र' अशी आहे; पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. मित्रांनो, ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे मला एकच विद्या शिकवण्यात आली: समोर येईल ते जसेच्या तसे उतरवावे आणि त्याविषयी मत बनवू नये. एवढ्या शिदोरीवर मला थेट उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात प्रवेश मिळाला, यात नवल ते काय!

सुरुवातीला माझे फार कोडकौतुक झाले. पुढे नवलाई ओसरली, आणि जिन्याखालच्या तिरप्या छताच्या खोलीत माझी रवानगी झाली. माझ्या झाकणावर चहाचे कप, हेल्मेट, एकदा तर ओली छत्रीही विसावली. तरी मी कुरकुर करणार नाही, कारण मला काकू लाभल्या. काकू म्हणजे मला चालवणाऱ्या बाई. त्या रोज माझी काच मऊ फडक्याने पुसतात, अडकलेला कागद हिसकून न काढता अलगद सोडवतात, आणि 'काय रे बाबा, दमलास?' असे विचारतात. या इमारतीत असा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारलेला मी ऐकलेला नाही.

परीक्षा जवळ आली की माझा हंगाम सुरू होतो. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परिसरातील एका सामाजिक प्रश्नावर प्रकल्प लिहायचा असतो. तो स्वतःच्या हस्ताक्षरात असावा, असा कडक नियम आहे. स्वतःच्या डोक्यातून असावा, असा नियम करायचे राहून गेले. त्यामुळे 'आदर्श प्रकल्प' नावाचा एक नमुना इथे पिढीजात चालत आला होता. विषय होता, बाजारातील महिलांचे सार्वजनिक स्वच्छतागृह. मुले माझ्याकडून त्याची प्रत काढत आणि घरी जाऊन ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. मूळ प्रत केव्हाच गहाळ झाली. मग प्रतीची प्रत, तिचीही प्रत, असे करता करता अक्षरे फिकी होत गेली. फिक्या जागा मुले अंदाजाने भरत. ते कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण तपासणारे पाने मोजत, वाचत नसत. अखेरची शिफारस मात्र ठळक उरली होती: 'सदर स्वच्छतागृहाची दररोज सफाई व्हावी.'

अशा सुखी संसारात एक मुलगी आली. तिचे प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून वर्गाने तिला पणबाई केले होते. घरी तिच्या दादाने बजावले होते: 'एकदा जरी नापास झालीस, तरी कॉलेज बंद. मग मुकाट्यानं दुकानात बसायचं.'

"काकू, हे पान जरा गडद काढा ना," ती म्हणाली. "इथे एक बाई काहीतरी सांगतेय, ते सगळं पुसलंय."

"अगं, जे गेलंच आहे, ते हा बिचारा कुठून आणणार? 'समस्या गंभीर आहे' असं लिही. सगळे तेच लिहितात."

"पण ती खरं काय म्हणाली असेल?"

"मग जा आणि विचार तिलाच!" काकू वैतागल्या. रांगेतली मुले खो खो हसली. पणबाई हसली नाही. ती सरळ बाजारात गेली.

परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकू, तिथे स्वच्छतागृहच नाही. स्कूटर लावतात तिथे. मी भाजीवाल्या मावशींना विचारलं, इथली स्वच्छता कशी आहे हो? त्या म्हणाल्या, 'झकास! इतकं स्वच्छ केलंय पोरी, की भिंतसुद्धा ठेवली नाही!'"

"अगं बाई! मग त्या करतात काय?"

"पाणीच पीत नाहीत. घरी जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. उन्हाळ्यातही."

काकूंच्या हातातले फडके थांबले. मित्रांनो, पडक्या वास्तूंवर जगात पुष्कळ ग्रंथ झाले असतील. पण पाडून टाकलेल्या वास्तूला वर्षानुवर्षे फिनेल सुचवणारी विद्वत्ता आमच्याच आवारात बहरली, आणि तिला दरवर्षी प्रथम श्रेणी मिळाली.

पणबाईने सारे नव्याने लिहिले. विभागप्रमुखांनी तिला माझ्याच खोलीच्या दारात गाठले.

"हे काय आहे? नमुन्यात असं काही नाही."

"पण सर, नमुन्यातली इमारतच नाही."

"संदर्भ कोणते वापरलेत?"

"भाजीवाल्या मावशी, सर. आणि त्यांच्या शेजारच्या फूलवाल्या."

"त्यांना मी संदर्भसूचीत कुठे घालू?"

"आडनावाच्या क्रमानं, सर."

"शहाणपणा पुरे! उद्या नमुन्याप्रमाणे आणा, नाहीतर नापास करीन."

ते गेले. एका हातात नमुना, दुसऱ्या हातात स्वतःची पाने, अशी ती माझ्यापाशी उभी राहिली.

"मार्क पदरात पाड आणि मोकळी हो," काकू हळूच म्हणाल्या. "खरं बोलायला जन्म पडलाय."

"दादा खरंच दुकानात बसवेल हो, काकू. पण निघताना मावशींनी विचारलं होतं, 'लिहिशील ना?' मी हो म्हटलंय." दुसऱ्या दिवशी तिने तीच पाने पुन्हा दिली.

बाहेरच्या परीक्षकांसाठी प्रती काढायला विभागप्रमुख गठ्ठा घेऊन स्वतः आले. तिचा प्रकल्प सर्वांत वर होता. मी म्हातारे, मला तापायला वेळ लागतो. एखाद्या तरण्या यंत्राने ते पान चुटकीसरशी गिळले असते. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती आणि सरांच्या डोळ्यांवर चष्मा होता. करायला दुसरे काहीच नसल्याने ते वाचू लागले. माझ्या संथपणाबद्दल मी देवाचे आभार मानले. मी तापले, हिरवा दिवा लागला, तरी ते वाचतच होते.

"काकू, हे खरंच पाडलंय?"

"हो, सर."

"कधी?"

"मावशी सांगतात, तुम्ही रुजू व्हायच्या आधीच."

सरांनी नमुन्याची फाईल मागून घेतली, काखेत मारली आणि ती परत आणली नाही. मला त्यांचाही राग धरवत नाही. माणूस उशिरा का होईना, वाचू लागला.

पणबाई उत्तीर्ण झाली. गुण बेताचेच मिळाले. विद्वत्तेला एका दमात पाझर फुटत नाही. दादाने निकाल दोनदा पाहिला, 'हूं' म्हटले, आणि ती पुढच्या वर्गात आली. स्वच्छतागृह अजून उभे राहिलेले नाही. निदान त्याची सफाई सुचवणे थांबले आहे.

परवा नव्या तुकडीतली मुले आली. "काकू, आता हा आदर्श प्रकल्प. सगळ्यांना एकेक काढा." पाहते तो, पणबाईचीच पाने! ती पाने काचेवर पालथी पडली, तोच ती स्वतः आत आली. तिने माझे झाकण हळूच उचलले आणि पाने काढून घेतली.

"ताई, अहो, नमुना आहे तो!"

"म्हणूनच घेतला. चला, बाजार जवळ आहे. आधी नमस्कार करायचा, मग विचारायचं."

"पण ताई, मार्क?"

"मिळतात. बेताचे."

मुले कुरकुरत तिच्यामागून गेली. काकूंनी माझा दिवा मालवला. दुपारभर मी बिनकामाचे उभे होते, आणि आयुष्यात प्रथमच भरून पावले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा. काच पुसा, झाकण आपटू नका, अडकलेला कागद हिसकू नका. आणि पान माझ्यावर पालथे घालण्याआधी ते एकदा वाचा. एकदा पालथे पडले की ते फक्त मला दिसते. आणि मी पडले यंत्र, मला 'पण' म्हणता येत नाही.