मंगळवारच्या शंका

फ्रिज दुरुस्तीचा ऑनलाइन कोर्स दोघा नवरा-बायकोंनी मिळून लावला होता. शिकायचं, स्वतःचं दुकान टाकायचं आणि बर्फाच्या कारखान्यातली त्याची संध्याकाळची पाळी एकदाची सोडायची, असा बेत. बेत चांगलाच होता हो, पण कोर्स सुरू व्हायच्या आठवडाभर आधी बायको माहेरी निघून गेली.

कारण एका ओळीचं. तिच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं, तेव्हा हा गडी पोचला दुसऱ्या दिवशी. ड्यूटी होती म्हणे. तिच्या स्वतःच्या ऑपरेशनलाही दुसऱ्याच दिवशी. मेहुणीने त्याचं नाव 'उद्याराव' ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, शोभत होतं. "तुम्ही वाईट नाही," बायको जाताना म्हणाली, "पण वेळ निघून गेल्यावर येता." मग अबोला. फोन केला की सासूबाई उचलायच्या आणि ती कामात आहे म्हणायच्या.

कोर्स मात्र दोघांनीही सोडला नाही. मंगळवारी संध्याकाळी सर थेट वर्ग घेत, ती त्यात बसायची. हा त्या वेळी कारखान्यात; याने रेकॉर्डिंग बघायचं, हे दोघांत आधीच ठरलेलं. बुधवारी दुपारी ताट पुढ्यात घेऊन तो रेकॉर्डिंग लावायचा. धडा राहायचा बाजूला, हा वाट बघायचा शेवटच्या दहा मिनिटांची. सर विचारायचे, "कुणाला शंका?" आणि तिचा आवाज यायचा. हा आवाज वाढवायचा. मागे नेऊन पुन्हा ऐकायचा, पुन्हा ऐकायचा. पण रेकॉर्डिंगला उलट काही सांगायची सोय नसते. ते आपलं बोलून मोकळं होतं.

असे चार महिने गेले. एका बुधवारी रेकॉर्डिंगमध्ये तिने विचारलं, "सर, कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधली स्टार्टची कोणती आणि रनची कोणती? गोंधळ होतो."

त्याने हातातला घास खाली ठेवला. गोंधळ, आणि हिचा? घरचा जुना फ्रिज उघडून तिनेच त्याला त्या पिना दाखवल्या होत्या, दोनदा. गोंधळ व्हायचा तो याचा. त्याने मागची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा लावली. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम किती वेळ धरायचा? घाई याची. मीटरवरचे बारीक आकडे कसे वाचायचे? चष्मा विसरणारा हाच. एकूण एक शंका याची होती. बाई अबोला धरून बसली होती आणि दर मंगळवारी याच्या जागी अडत होती. उद्याराव ताटावर बसून रडले. त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाकडे पाळी बदलून मागितली. "या एका मंगळवारी," मुकादम म्हणाला. "परत मागितलीस तर तुझ्या जागी माणूस बघतो."

मंगळवारी तो दाढी करून दहा मिनिटं आधीच बसला. स्क्रीनवर एकेक चौकट उघडत गेली, तिचीही उघडली. वाळली होती जरा. तिने त्याला पाहिलं आणि मान खाली घालून वहीत लिहायला लागली. इतक्या महिन्यांनी समोर आली आणि हात लावायला काचच, असं त्याला झालं.

धडा संपला. सरांनी शंका विचारल्या.

"आज बाईंना शंका नाही?" सर हसले.

"ज्यांच्यासाठी विचारत होते, ते आज स्वतः आलेत सर," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू दे."

त्याने माइक चालू केला. बावीस माणसं त्याच्याकडे बघत होती. पिना नाहीत की गॅस नाही, काही म्हणता काही आठवेना.

"घरी कधी येतेस?" तो म्हणाला.

कुणीतरी खोकलं. सर उगाच कागद चाळायला लागले. तिने वही मिटली.

"पुढच्या मंगळवारी असाल?"

ड्यूटी बघून सांगतो, हे अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"असेन."

"मग तेव्हा विचारा," ती म्हणाली.