काठवट घसरू नये म्हणून

टाइल घ्यायला जाताना माणसं सोबत टेप नेतात, मोबाइलातले फोटो नेतात, फार तर एखादा शहाणा मेहुणा नेतात. सरजाबाईंनी काठवट नेली. चांगली दीड हात रुंद, जाड लाकडाची, चाळीस वर्षं भाकरी थापून मधोमध गुळगुळीत झालेली. ती कुठल्याच पिशवीत मावेना, तेव्हा जुन्या लुगड्यात बांधून त्यांनी बगलेत मारली आणि चुडाव्याच्या ठेसनावर परभणीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या.

"माय, हे कशाला घेतलीस?" धम्मपालनं विचारलं. धम्मपाल त्यांचा एकुलता एक लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर.

"असू दे. तुला काय वझं होयलंय का?" सरजाबाई म्हणाल्या. विषय संपला. वर्गातली चाळीस पोरं एका नजरेत गप्प करणारा मास्तर आईपुढं नेहमी असाच पास होण्यापुरते मार्क घेऊन खाली बसायचा.

सून बबितानं गाठोड्याकडं एकदा बघितलं. पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, आणि म्हातारी माणसं गाठोड्यात काय काय घेऊन फिरतात हे तिनं भरपूर पाहिलं होतं. परभणीत कुणाला तरी द्यायची असेल, असं तिला वाटलं.

खरी गोष्ट वेगळीच होती. महिन्याभरापूर्वी घरात ठरलं की स्वयंपाकघर नवं करायचं. जुनी शहाबादी फरशी जागोजाग उखडली होती, भिंतीला ओल धरली होती, नवं करायलाच हवं होतं. बबितानं वहीच्या कागदावर नकाशा काढला आणि मोठ्या हौसेनं सासूपुढं ठेवला. सरजाबाई प्रौढांच्या वर्गात पन्नाशीला अक्षरं शिकल्या होत्या आणि शिकल्यापासून समोर येईल ते वाचत होत्या, पुडीचा कागदसुद्धा. त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. ओटा. गॅस. सिंक. फ्रिज. मिक्सर. कागद उलटा करून पाठीमागंही बघितलं. काठवट कुठंच नव्हती.

"आत्याबाई, आता तुमी फक्त बसून खायचं," बबिता म्हणाली. "लय केलं आयुष्यभर. मी सकाळी पोळ्या लाटून जात जाईन."

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे सरजाबाईंना कळत होतं. म्हणून तर बोलता येईना. भांडकुदळ सून असती तर दोन शब्दात निकाल लागला असता. गोड सुनेशी भांडायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. ज्या घरात आपल्या हातची भाकरी लागत नाही, त्या घरात आपण पाहुणे. आणि पाहुण्यानं किती दिवस राहावं, याचा हिशेब पाहुणाच मनात करायला लागतो.

बबिताला भाकरी येत नव्हती, हे गावाला माहीत होतं. ती थापायची झटून, पण परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे आणि धम्मपाल ते "चव तीच हाय की" असं म्हणत गिळायचा. दोन-चारदा असं झाल्यावर बबितानं लाटणं हाती घेतलं ते घेतलंच.

तरी सरजाबाईंनी नुसतं मनाला लावून घेतलं असतं आणि गप्प बसल्या असत्या. पण दिवाळीत त्या सेलूला लेकीकडं, राजेश्रीकडं गेल्या होत्या. तिच्या घरी नवी कोरी, आरशासारखी टाइल. सरजाबाई काठवट घेऊन खाली बसल्या. थाप मारली की काठवट पुढं, काठवटीमागं सरजाबाई. चार भाकरी होईस्तोवर त्या गॅसपासून निघून पार फ्रिजला जाऊन टेकल्या. सगळे पोट धरून हसले, त्याही हसल्या. राजेश्री म्हणाली, खाली ओलं फडकं टाक. टाकलं, तर काठवट जागच्या जागी डुलायला लागली आणि थाप बसेना. ओट्यावर ठेवून बघितली, तर ओटा आला छातीला. भाकरीला खांद्यातून जोर लागतो. टाचा उंचावून कुणाला तो जमलाय?

म्हणून आज काठवट बगलेत होती.

वसमत रोडवरच्या त्या दुकानात भिंतीला टेकवून, स्टँडवर लटकवून, जिकडंतिकडं टाइलाच टाइला होत्या. हरिओम नावाचा विक्रेता चाळिशीचा, तोंडात साखर असलेला. त्यानं तिघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि एक पांढरीशुभ्र टाइल पुढं केली. "मॅडम, किचनसाठी हीच जायलीय सध्या. एक हात फिरवला की चकाचक."

बबिताचे डोळे लकाकले. "आत्याबाई, बघा की, कशी हाय?"

"बघते," सरजाबाई म्हणाल्या. "दादा, ही जरा खाली ठिवा. अशाच चार जोडून ठिवा."

हरिओमनं ठेवल्या. सरजाबाईंनी लुगड्याची गाठ सोडली, काठवट त्या टाइलांवर मांडली, पिशवीतून ज्वारीच्या पिठाचा डबा काढला आणि समोरच्या चहावाल्याकडून पेलाभर गरम पाणी आणायला धम्मपालला पिटाळलं. मास्तर कानापर्यंत लाल झाला, पण गेला. सरजाबाईंनी पीठ मळलं, गोळा केला आणि भर दुकानात मांडी घालून पहिली थाप मारली.

काठवट सुर्रकन सुटली आणि हरिओमच्या बुटाला जाऊन धडकली.

"ही न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "दुसरी दावा."

हरिओमला इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी टाइलवर पाणी ओतून दाखवलं होतं, एकानं तर कुंकवाचा डाग पडतो का ते बघितलं होतं. भाकरी कुणी थापली नव्हती. पण माणूस हाडाचा दुकानदार. त्यानं बाही सारली आणि दुसरी टाइल मांडली. तिच्यावरूनही काठवट घसरली. तिसरी न्हाणीघराची होती, हाताला खरखरीत. तिच्यावर काठवट अर्धी भाकरी होईपर्यंत ठाम बसली, मग खाली पीठ सांडलं आणि सरकलीच. सरजाबाई दरवेळी तोच गोळा मोडायच्या, पाण्याचा हात लावून परत मळायच्या. चहावाला येऊन दारात उभा राहिला. फरशी बघायला आलेलं एक जोडपं फरशी विसरलं.

"माय, बस की आता," धम्मपाल पुटपुटला. "लोक बघायलेत."

"बघू दे. फुकट बघायलेत."

तेवढ्यात त्यांची नजर दाराजवळच्या थप्पीकडं गेली. करड्या रंगाची, चौकोनी फुल्या वर उठलेली, जाडजूड टाइल. "ती कसली?"

"मावशी, ती पार्किंगची. अंगणात गाडी लावायला." हरिओमला जरा हुरूप आला. "गाडी कोणती हाय तुमची?"

"गाडी न्हाई. मी बसणार हाय."

चार टाइला खाली आल्या. सरजाबाईंनी काठवट ठेवली, पदर खोचला आणि थाप मारली. काठवट हलली नाही. दुसरी थाप, तिसरी. गोळा पसरत गेला, कड सारखी होत गेली, तळहाताखाली भाकरी गरागरा फिरायला लागली आणि काठवट जणू जमिनीतून उगवल्यासारखी घट्ट. ताटाएवढी भाकरी झाली. सरजाबाईंनी ती दोन्ही तळव्यांवर अल्लद उचलून दाखवली. चहावाल्यानं टाळी वाजवली.

"हीच पायजे," त्या म्हणाल्या.

"माय, स्वयंपाकघरात पार्किंग?" धम्मपालला हसावं की रडावं कळेना. "पाव्हणे काय म्हणतील?"

"आणि फुल्यांत पीठ अडकंल, आत्याबाई," बबिता समजुतीनं म्हणाली. "पुसायला तकलीफ. आणि तुमाला कशाला लागतंय हे सगळं? तुमाला आराम मिळावा म्हणून तर..."

"मला आराम नगो!" सरजाबाईंचा आवाज त्यांनाच वाटला नव्हता इतका चढला. मग खाली आला. "मला जागा पायजे, बाई. तुझ्या कागदावर फ्रिजला जागा हाय, मिक्सरला हाय, भांडी घासायला हाय. मी तीन-तीनदा वाचला. मला कुठंच न्हाई."

सरजाबाईंना लगेच वाईट वाटलं. महिनाभर दाबलेलं असं चारचौघांत बाहेर पडायला नको होतं. त्या भाकरी मोडून परत गोळा करायला लागल्या, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

"मला वाटलं तुमचे गुडघे दुखत असतील," बबिता हळू म्हणाली. "दवाखान्यात रोज बघते मी. खाली बसून बसून बायांच्या गुडघ्यांचं काय होतं ते."

"गुडघे माझे हायेत. दुखले की तुलाच सांगीन, दुसऱ्या कुणाला सांगू?"

बबितानं पर्स धम्मपालच्या हातात दिली. साडी सावरत ती खाली टेकली, पार्किंगच्या टाइलसमोर, सासूच्या मांडीला मांडी लावून. "सरका जरा."

सरजाबाई सरकल्या. बबितानं गोळा घेतला आणि थाप मारली. काठवट हलली नाही. भाकरी वाढली, मग नेहमीसारखी एका कडेला चिरली. बबितानं हात थांबवला.

"थांबू नगो. करंगळीनं कड सावर," सरजाबाई म्हणाल्या. "जोर मधी न्हाई, कडंला. हां. आता फिरव." त्यांनी सुनेच्या हातावर हात ठेवला आणि दोन थापा तिच्यासंगं मारल्या, मग काढून घेतला. चीर मिटली. भाकरी जरा लांबोडकी झाली, पण एक झाली. बबितानं ती दोन्ही तळव्यांवर उचलली, आणि तुटली नाही म्हणून सगळ्यांत आधी हरिओमनं सुटकेचा श्वास सोडला.

"मग मावशी, किती काढू?" त्यानं विचारलं.

"चार," सरजाबाई म्हणाल्या. "गॅसच्या कोपऱ्यात. एका बाईपुरत्या. बाकी सगळीकडं हिच्या पसंतीची पांढरी लावा, चकाचक."

"आठ द्या," बबिता खालूनच म्हणाली. पिठाच्या हातानं तिनं कपाळावरची बट मागं सारली. "दोघींपुरत्या. नकाशा मी आजच परत काढते."

सरजाबाईंनी पदरानं डोळे टिपले, तर गालाला पीठ लागलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"आठच्या जागी दहा न्या," हरिओम म्हणाला. "फुटतुटीला दोन जास्त असाव्यात."

"द्या दहा," सरजाबाई म्हणाल्या. "आणि न्हाईच फुटल्या, तर त्या दोनवर धम्मा बसंल. त्यालाबी हात हायेत."