दोन्ही बाजूंचा स्वेटर

पटावर वीस मुलं नसतील तर शाळेला कुलूप, असा वरून हुकूम आला आणि गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडे होती निम्मी. बाकीची आईबापांचं बोट धरून केव्हाच शहरात गेली होती. टेकडीपलीकडच्या शाळेचीही तीच गत, आणि तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे गुरुजींची सख्खी थोरली ताई. लहानपणी एका पाटीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटणारी ही भावंडं आता पोरं वाटून घ्यायला मात्र एका पायावर तयार झाली.

बेत सोपा होता. तपासणीचे साहेब सकाळी गुरुजींकडे येणार, दुपारी ताईकडे. मग दोन्हीकडची पोरं आधी इथे बसवायची आणि साहेब निघाले की दूधवाल्याच्या टेम्पोत घालून आडवाटेने तिकडे न्यायची. इथला गणवेश निळा, तिथला तांबडा. त्यावर ताईने बोटं सुजेपर्यंत दोन्ही बाजूंनी घालता येणारे स्वेटर विणले. पाण्याच्या टाकीपाशी टेम्पो वळला की स्वेटर उलटा करायचा, हे गुरुजींनी पोरांकडून आठवडाभर घोटून घेतलं. शिस्तीत गुरुजींचा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणत. निदान गुरुजी तरी तसं सांगत.

सकाळची मोजणी झकास झाली. साहेब खुशीत स्कूटरवरून गेले आणि इकडे टेम्पो निघाला. पोरांनी गाणी सुरू केली. गुरुजींनीही चक्क टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या वाटेत टेम्पो थांबला. रस्त्यात कोणी हात केला की थांबायचं, ही दूधवाल्याची जुनी सवय. हात करणारे साहेब होते. लवकर पोचावं म्हणून त्यांनीही आडवाट धरली होती आणि स्कूटर पंक्चर झाली होती.

"अरे, तुम्ही?" साहेब मागे चढत म्हणाले.

"सहल!" गुरुजींनी ठोकून दिलं. "अधूनमधून काढतो आम्ही."

साहेबांचा विश्वास बसलाही असता. पण तेवढ्यात टाकी आली. टेम्पो वळला आणि कोणी न सांगता सगळ्या पोरांनी स्वेटर काढले, उलटे केले, घातले. निळा टेम्पो तांबडा झाला. एकही पोर चुकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गुरुजींना शिस्तीचा संताप आला.

साहेब आधी पोट धरून हसले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"गुरुजी, एवढ्याशा पोरांना टेकडी ओलांडणं झेपणार नाही, असं लिहून मी दोन्ही शाळा राखणार होतो. पोरं कमी असली तरी तेवढी सवलत आहे. पण ही तर गाणी म्हणत आली. आता मी काय लिहू?"



ताईची इमारत मोठी, म्हणून तिची शाळा राहिली. सोमवारी गुरुजींनी आपल्या शाळेला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि पोरांबरोबर टेम्पोत बसले. आता ते ताईच्या हाताखालचे मास्तर. टाकीपाशी पोरांनी सवयीने स्वेटर उलटे केले, आणि त्यांनी कोणालाच अडवलं नाही.

शेजारी बसलेल्या धाकट्या चिमीने त्यांची बाही ओढली.

"गुरुजी, आजपण साहेब मोजायला येणार?"

"नाही गं."

"मग आपण परत कधी जायचं आपल्या शाळेत?"