ओठांतले स्क्रू

चष्मेवाल्याचं कुठल्या गोष्टीवर स्वतःचं असं काही मत आहे, हे तीस वर्षांत कुणाच्या कानावर आलं नव्हतं. दुकानात मतांना मात्र तोटा नव्हता. आडवं लाकडी काउंटर, मागे फ्रेमांची कपाटं, पुढे तीन स्टुलं, एवढंसं ते दुकान. चष्म्याची काडी बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात माणूस सकाळी फोनवर वाचलेलं सगळं जग सांगून मोकळा होतो. मोबाइलचे टॉवर आले आणि चिमण्या गेल्या. हं. टॉवरचा आणि चिमण्यांचा काडीचा संबंध नाही. हं. माणूस चंद्रावर गेलाच नव्हता, स्टुडिओत शूटिंग केलं होतं. हं. आता सगळं यंत्रंच लिहिणार, शाळांना कुलपं लागणार. हं.

त्याला डोकं नव्हतं अशातला भाग नाही. त्याच्या ओठांत स्क्रू असायचे. चष्म्याचा स्क्रू तिळाएवढा. काउंटरवर ठेवला की धक्का लागून पडतो, आणि पडला की शोधणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. ज्यांच्याकडे तो काम शिकला त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "स्क्रू ओठांत धरत जा. म्हणजे स्क्रूही जात नाही आणि गिऱ्हाईकही जात नाही." ओठांत दोन स्क्रू असताना माणसाला एकच उत्तर देता येतं, हं, आणि त्या उत्तराने आजवर कुणाचं मन दुखावलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे लोक त्याला आपल्या बाजूचा समजत. खरं सांगायचं तर त्यालाही ते बरं वाटायचं. वाद नको, डोक्याला ताप नको.

रोजच्या बैठकीला दोघे ठरलेले. एक निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवल्याचा सूड ते आता आलेला प्रत्येक संदेश उघडून, वाचून, सगळ्यांना पाठवून घेत होते. दुसरा शेजारचा बेकरीवाला. त्याचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्याला तो शहाणपण म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चष्मेवाल्याची ताई आली. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, साठीची. शिवणकाम करायची, शाळेच्या गणवेशांची काजं तिच्या हातची असली की शिंपी डोळे झाकून घेत. गळ्यात कायम टेप, खिशात खडू. तिला तीन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला होता. या आजारात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने, न दुखता खुपता जात राहते. गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची तर सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, जन्मभर. चष्मेवाल्याने त्या वेळी स्वतः तिला नेत्रतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं आणि मग, थेंब सुरू झाले म्हटल्यावर, निर्धास्त झाला होता.

ताई आत आली आणि काउंटरच्या डाव्या टोकाला उभा असलेला आरसा तिच्या कोपराने धाडकन आडवा झाला. फुटला नाही. तो आरसा तिथे तीस वर्षं होता. ताई ओशाळून म्हणाली, "हा इथे कधी ठेवलास?"

चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. त्याने ओठांतले स्क्रू काढून तळहातावर घेतले.

"ताई, थेंब घालतेस ना?"

"थेंब? ते तर कधीच बंद केले. चार महिने झाले असतील."

"बंद केले? कुणाला विचारून?"

"तुलाच विचारून," ताई म्हणाली.

तिने शांतपणे सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांनी तिला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात पांढरा कोट घातलेला एक भला माणूस सांगत होता की थेंबांची डोळ्यांना चटक लागते, डोळे आळशी होतात. थेंब सोडा आणि रोज सकाळी बुबुळं गोल फिरवा, दाब आपोआप उतरतो. पण ताई काही कुणाच्या सांगण्यावरून उठून पळणारी नव्हती. ती दुकानात आली होती, व्हिडिओ पूर्ण लावून दाखवला होता आणि सरळ विचारलं होतं, "काय रे, करून बघू का?"

"आणि तू म्हणालास, हं."

चष्मेवाल्याला ते आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. दिवसाला पन्नास वेळा दिलेल्या हुंकारांत तो एक कुठे असेल? बहिणीने डोळे सोपवले होते सांभाळायला, आणि त्याने मान वर न करता ते देऊन टाकले होते.

"ताई, ते चुकलं माझं. थेंब आजपासून सुरू कर. आत्ताच चल बाईंकडे."

"का? माझा डोळा दुखत नाही, पाणी येत नाही, सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. उलट हलकं वाटतं. आता शब्द कशाला फिरवतोस?"

पोस्टमास्तर स्टुलावरून पुढे सरकले. "आमच्या साडूंना त्याच व्यायामाने गुण आला. वाचन सुधारलं त्यांचं."

"त्यांना काचबिंदू आहे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तसं नाही. पण डोळे तेच ना?"

बेकरीवाला बिस्किटांचा पुडा घेऊन दारातच उभा होता. "अहो, या विज्ञानाचं काय सांगता! काल म्हणाले चहा वाईट, आज म्हणतात चांगला. उद्या थेंबांचंही तेच म्हणतील. सगळे आपापला माल विकतात."

एरवी या दोन्ही मतांना एकेक हं मिळाला असता. आज चष्मेवाल्याचं तोंड रिकामं होतं आणि तरी त्यातून शब्द फुटत नव्हता. तीस वर्षं ज्याने कुणाला नाही म्हटलं नाही, त्याला नाही म्हणायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. त्यातून समोर ताई. हिने त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली होती. तिच्या दृष्टीने तो अजून नाडीच बांधत होता.

त्याचं लक्ष तिच्या गळ्यातल्या टेपकडे गेलं.

"ताई, तू कापड कापण्याआधी काय करतेस?"

"माप घेते. दुसरं काय?"

"मग तेच करू. तो टेप दे."

त्याने काउंटरच्या मधोमध खडूने एक टिंब काढलं आणि टेप त्या टिंबापासून डावीकडे काउंटरच्या टोकापर्यंत ताणून बसवला. अठ्ठावीस इंच झाले. ताईच्या सुयांच्या डबीतली लाल डोक्याची टाचणी त्याने एका खोडरबरात टोचली.

"टिंबासमोर बस, हनुवटी मुठीवर ठेव. उजवा डोळा झाक. नजर टिंबावरून हलवायची नाही. मी टाचणी त्या टोकापासून आत सरकवत आणतो. लाल दिसलं की सांग."

ताई बसली. टाचणी अठ्ठावीसवरून निघाली. पंचवीस. वीस. पंधरा. बारा. दहा.

"हं, दिसली," ताई म्हणाली.

टाचणी नऊवर होती.

"तू मुद्दाम हळू आणलीस," ती लगेच म्हणाली. मग टाचणीकडे बघत, "आणि लाल रंग फिका पडलाय त्या टाचणीचा. ये, तू बस इथे."

तो बसला. टाचणी ताईने हातात घेतली. तिने ती टोकाला नुसती ठेवली मात्र, तो म्हणाला, "दिसली." अठ्ठावीस. ताईने काउंटरच्या लाकडावर खडूने आकडा लिहिला. माप घेतलं की लिहायचं, ही तिची सवय. डोक्यावर भिस्त ठेवणाऱ्याची बाही आखूड होते, असं ती म्हणायची.

"हा माझ्याहून लहान आहे," ती म्हणाली. "पोस्टमास्तर, तुम्ही बसा."

पोस्टमास्तर सत्तरीचे. त्यांनी चष्म्याची सबब सांगितली, तर ताईने चष्मा उतरवून बाजूला ठेवला. उजेडाची सबब सांगितली, तर तिने दिवा लावला. मग बसले बिचारे. अठ्ठावीस. बेकरीवाल्याने आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं आधीच बजावलं, पण त्याचेही अठ्ठावीसच. मग ताईने टेप उजवीकडे लावून घेतला आणि स्वतःचा डावा डोळा झाकून उजवा मोजायला लावला. सव्वीस. त्यावर ती जरा हसली. पुन्हा टेप डावीकडे, पुन्हा डावा डोळा, आणि या वेळी टाचणी बेकरीवाल्याच्या हातात, कारण भावावर तिचा भरवसा नव्हता. बेकरीवाला भराभर पाव मांडणारा माणूस, पण त्याने ती टाचणी जपून सरकवली.

नऊ.

तिसऱ्यांदाही नऊ.

ताईने खडू खाली ठेवला. काउंटरवर तिच्याच अक्षरात आकड्यांची रांग होती, अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, सव्वीस आणि शेवटी नऊ, नऊ. असं माप एखाद्या कापडाचं आलं असतं तर तिने ते दुकानदाराला परत पाठवलं असतं.

"मला तर सगळं पूर्ण दिसतंय असंच वाटतं रे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "काळं काही दिसत नाही. पडदा नाही. काही कमी आहे असं कळतच नाही."

"तसंच असतं ते," चष्मेवाला म्हणाला. त्याला एकदम रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

पोस्टमास्तर फोन उलटसुलट करत होते. "मी आपला चांगल्यासाठी पाठवला होता," ते म्हणाले. दुकानाला कुलूप लागलं आणि भाऊबहीण रिक्षात बसले.

नेत्रतज्ज्ञ बाईंनी यंत्रावर तपासलं, दाब मोजला. दाब भलताच वाढला होता. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी गोड करूनही सांगितलं नाही. डावीकडचं जे गेलं ते गेलं. उरलेलं थेंबांनी राखता येईल, पण एक दिवसही चुकवायचे नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी इथे यायचं. मग त्यांनी विचारलं, "थेंब बंद का केले होते?"

चष्मेवाला खाली बघत होता. ताई चटकन म्हणाली, "माझ्याच मनाने. व्हिडिओ बघून."

तिने त्याला लहानपणापासून असंच पाठीशी घातलं होतं. फुटलेल्या काचा, हरवलेल्या छत्र्या, सगळं तिने आपल्या नावावर घेतलं होतं. आज मात्र त्याला ते गिळवेना.

"नाही," तो म्हणाला. "तिने मला विचारलं होतं. मी हो म्हणालो. ऐकलंच नव्हतं मी."

तीस वर्षांत त्याच्या तोंडून स्पष्ट निघालेला हा बहुधा पहिलाच 'नाही' होता. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि थेंबांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर एका जुन्या डबीचं झाकण आलं. त्यात चुंबकाचा तुकडा चिकटवलेला होता. स्क्रू आता त्यात राहायचे. इतका सोपा उपाय तीस वर्षं सुचला नाही याची त्याला लाज वाटली. मग त्याच्या लक्षात आलं, सुचला नाही असं नाही, तोंड भरलेलं बरं पडायचं.

पोस्टमास्तरांनी लवकरच नवी बातमी आणली. कुठल्याशा देशात म्हणे असं पाणी निघालंय, डोळ्यांत घातलं की चष्म्याचा नंबरच उतरतो. "हे कुठून आलं?" चष्मेवाल्याने विचारलं. "कुणावर करून पाहिलं? किती जणांवर?" पोस्टमास्तर रागावून उठून गेले आणि चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते फोन पुढे करत, "पाठवण्याआधी जरा बघा बुवा." बेकरीवाल्यालाही एकदा उत्तर मिळालं. चहाचं मत बदलतं ते कुणीतरी पुन्हा मोजतं म्हणून, आणि न मोजणाऱ्याचं मत कधीच बदलत नाही, असं चष्मेवाला म्हणाला. पुष्कळदा तो नुसतं "मला माहीत नाही" असंही म्हणायचा. दोनतीन गिऱ्हाइकं तुटली. त्यांना हं हवा होता, आणि तो आता दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात मिळत असणार.

ताईच्या फोनवर सकाळी आठला आणि रात्री आठला गजर वाजू लागला. ती बुबुळंही फिरवायचीच, सवय म्हणून; बाईंनी सांगितलं होतं, फिरवा खुशाल, थेंब घालून फिरवा. काजं ती पूर्वीसारखीच सुरेख करत होती. चालताना मात्र डावीकडे मान वळवून बघायला शिकली, आणि चष्मेवाल्याने आरसा काउंटरच्या उजव्या टोकाला हलवला.

तिने काउंटरवरचे आकडे पुसू दिले नाहीत. बाईंकडे दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायचीच, पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती दुकानातही येऊन बसायची, मूठ हनुवटीखाली घेऊन. टाचणी आता भावालाच सरकवायला लावायची. पहिल्या महिन्यात नऊ. दुसऱ्यात नऊ. टाचणी निघाली की त्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि नऊवर तिचा शब्द आला की सुटायचा. आपण एवढ्याशा नऊवर कधी इतके खूश होऊ, असं त्याला वाटलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात तिने "दिसली" म्हटलं तेव्हा त्याने टेपवर वाकून बघितलं.

"नऊच गं," तो म्हणाला. "कमी झालेलं नाही."

ताईने झाकलेला डोळा उघडला नाही. टिंबावरची नजरही हलवली नाही.

"आधी तोंड उघड बघू," ती म्हणाली.

बावन्न वर्षांच्या चष्मेवाल्याने गिऱ्हाइकांच्या देखत टिंबासमोर तोंड नेऊन आ वासला. ताईने उरलेल्या नजरेने नीट बघून घेतलं, दातांच्या मागे, जिभेखाली. स्क्रू कुठेच नव्हता. मग तिने खडू उचलला आणि नऊ लिहिले.